गोदामांच्या गावात आजची भाकर

मानकोली नाक्यावरून भिवंडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना गोदामं लागतात. पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे ही एके काळची भातशेतीची गावं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईला खेटून, नाशिक महामार्ग हाताशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. म्हणून व्यापाऱ्यांनी माल ठेवायला ही जागा निवडली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं हटली नाहीत, उलट वाढतच गेली. मुंबई-ठाण्यात घरपोच येणारा मिक्सर, चपला, औषधं, मुलांची दप्तरं यांतलं बरंच काही आधी भिवंडीच्या पत्र्याखाली मुक्काम करून आलेलं असतं. याच तालुक्याच्या शहरात काही लाख यंत्रमाग खडखडत असतात आणि ते चालवणाऱ्या माणसाकडे साठवायला काही नसतं. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, भिस्सीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, दोन वेळचं जेवण आणि उरेल ते गावी. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला, कुणी बिहारमधून, कुणाचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मागासोबतच आलेलं. लूम थांबला की मजुरी थांबते आणि जिवाला घोर लागतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचायला महाराष्ट्रात याहून योग्य जागा सापडणार नाही.

त्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की भावाला सांगून मला माझा वाटा मिळवून द्या. येशू तो तंटा सोडवायला नकार देतो आणि एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंत शेतकऱ्याला अमाप पीक येतं. ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं तो ठरवतो. मग स्वतःच्या जिवाला बजावतो की आता पुष्कळ वर्षांची तरतूद झाली, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. एवढं सांगून येशू शिष्यांकडे वळतो आणि, म्हणूनच, खाण्यापिण्याची नि कपड्यालत्त्याची चिंता करू नका, असं सांगतो. कावळे पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना ना कोठी ना कोठार, तरी देव त्यांना खायला घालतो.

आपल्याकडे प्रवचनांत हे दोन भाग बहुतेक वेळा वेगळे पडतात. श्रीमंताची गोष्ट लोभावरच्या उपदेशाला जाते आणि कावळ्यांचा दाखला दुःखी माणसाच्या सांत्वनाला. लूकने मात्र ते एकमेकांना जोडून ठेवले आहेत आणि त्या जोडणीतच चिंतेचं निदान आहे. हा शेतकरी अख्ख्या गोष्टीत फक्त स्वतःशी बोलतो. त्याला बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. पीक माझं, कोठारं माझी, जीवही माझाच. उद्याचा सगळा भार आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे असं एकदा मानलं की ज्याच्याकडे आहे तो साठवत सुटतो आणि ज्याच्याकडे नाही तो रात्रभर कूस बदलत राहतो. दोघांचा आजार एकच. ख्रिस्ती जीवनात चिंतेवर प्रार्थना आणि भरवसा हा उपाय सांगितला जातो, तो या आजारावरचा आहे. माणसाला त्या एकटेपणातून बाहेर काढणं हे प्रार्थनेचं पहिलं काम. मनाला मिळणारी शांती मोलाची आहेच, पण ती त्यानंतर येते, आणि कधी कधी बरीच उशिरा येते.

हे मूळ बोलणं कुणाशी झालं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. गालीलातले ते लोक कोळी, लहान शेतकरी आणि रोजंदारीवरचे मजूर होते. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तीत संध्याकाळ व्हायला आली तरी काही जण बाजारात उभेच आहेत, कारण त्यांना कुणी कामावर घेतलेलं नाही. कल्याणच्या किंवा भिवंडीच्या नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. अशा लोकांना येशूने जी प्रार्थना शिकवली, तिच्यात भाकर मागितली आहे ती एका दिवसाची, आणि तीही सगळ्यांसाठी मिळून. एकट्यापुरतं मागायला त्या प्रार्थनेत जागाच ठेवलेली नाही. शेजारच्या खोलीत चूल पेटली नसेल तर आपल्या ताटातली भाकर त्या मागण्यात अर्धीच मिळालेली असते.

मान्नाची जुनी गोष्टही हेच सांगते. रानात इस्राएल लोकांना रोज पुरेल एवढंच अन्न मिळे. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, त्यांच्या अन्नात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी. तेव्हा तरतूद करणं हे पाप मानलेलं नाही. विम्याचा हप्ता भरणारा किंवा मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकणारा ख्रिस्ती माणूस अविश्वासी ठरत नाही. प्रश्न एवढाच की ती तरतूद कुणाच्या आज्ञेने, कुणासाठी, आणि तिच्यावर जीव किती टांगलेला.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याच्या हाताला काम नाही, त्याला चिंता करू नकोस म्हणणं हा क्रूरपणा नाही का? भिवंडीने हा प्रश्न अलीकडेच अनुभवला. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत रोखीवर चालणारे माग अडखळले. त्यातून सावरतात तोवर जीएसटी आला. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि सगळं शहर एकदम मुकं झालं. मजुरी गेली, भिस्स्या बंद पडू लागल्या, आणि माणसं डोक्यावर बोचकी घेऊन नाशिक महामार्गाने चालू लागली. २ मे २०२० च्या रात्री भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला विशेष गाडी सुटली, ती महिनाभराहून जास्त वाट पाहून. त्या दिवसांत भरल्या घरातून कुणी त्या मजुरांना आकाशातली पाखरं दाखवली असती, तर ती देवनिंदाच झाली असती.

पण बायबल स्वतः असं भरल्या पोटाने बोलत नाही. चिंतेवरचा सर्वांत जास्त वाचला जाणारा उतारा पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात आहे. कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या उपकारस्तुतीसह देवाला कळवाव्यात, असा त्याचा आशय. घरोघरी तो फ्रेममध्ये लावलेला असतो. मात्र सगळं पत्र सलग वाचलं की चित्र भरत जातं. पौल बेड्यांत आहे. फिलिप्पै गावच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली आहे. हा एपफ्रदीत पौलाकडे येऊन आजारी पडला, मरता मरता वाचला. आणि तो सुखरूप घरी पोचला की माझं दुःख हलकं होईल, हे पौल मोकळेपणी सांगतो. ज्या पत्रात चिंता करू नका असं आहे, त्याच पत्रात लिहिणाऱ्याची काळजीही आहे आणि मिळालेल्या पैशांची पोचही आहे. करिंथकरांना लिहिताना तर सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज आपल्याला व्यापते, हे त्याने सोसलेल्या हालांच्या यादीतच घातलं आहे. पौलाचा भरवसा हा असा माणसांच्या येण्याजाण्यातून, आजारपणातून, कुणीतरी पोचवलेल्या थैलीतून वाहणारा आहे.

आणि गेथशेमाने बागेतली रात्र तर सगळ्यांना ठाऊकच आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू स्वतः धास्तावला, व्याकूळ झाला. आपल्याबरोबर जागे राहा अशी त्याने मित्रांना विनवणी केली, आणि ते झोपले. ज्याला भीती वाटते त्याचा विश्वास कच्चा, असं म्हणणाऱ्याने ही रात्र वाचलेली नसावी. त्या बागेत प्रार्थनेने दुःखाचा प्याला टळला नाही. तो उचलण्याचं बळ मिळालं.

महाराष्ट्रात ही गोष्ट एका बाईने आयुष्यभर जगून दाखवली. चिंतेचं सगळं शिक्षण तिला विशीतच मिळालं होतं. पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई गेली, मग बहीण. भाऊ श्रीनिवासबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. १८८० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. कडेवर वर्षही न भरलेली मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देव सगळं गोड करतो असं वाटावं, असं या बाईच्या आयुष्यात तोवर काहीही घडलेलं नव्हतं.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बॉस्टनमधल्या मित्रांनी रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. ही मुदत कधीतरी संपणार हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून त्यांनी केडगावला, पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवर, जमीन घेतली आणि फळझाडं लावली. मुदत संपल्यावर सदन आपल्या पायावर उभं राहावं, हा हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल कानावर आले तेव्हा त्यांना आपली सोळाव्या वर्षीची उपाशी वाटचाल आठवली नसती तरच नवल. त्या गेल्या आणि जवळजवळ ३०० मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचं थैमान सुरू झालं आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं. मुली केडगावला, उघड्या माळावर, तंबूंत नि तात्पुरत्या छपरांखाली राहिल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

आता हा काळ दिवसाच्या हिशोबात पाहायला हवा. दीड हजार तोंडं म्हणजे रोज सकाळी दीड हजार माणसांची भाकरी. बॉस्टनची दहा वर्षांची हमी १८९८ च्या सुमारास संपलेली, आणि मुळात ती शारदा सदनातल्या विधवांसाठी होती. दुष्काळातून उचलून आणलेल्या या पोरींची हमी कुणीच घेतलेली नव्हती. रमाबाईंनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि जॉन पेटन यांची चरित्रं वाचली होती, आणि जो देव त्यांचा तोच आपला, असं म्हणून त्या गुडघ्यांवर बसल्या. केडगावात प्रार्थना ही रोजच्या कामातलं एक काम होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र जमून प्रार्थना करणाऱ्या बायकांचा गट सुरू केला आणि काही महिन्यांत तो काही शेकड्यांवर गेला.

त्याच आवारात विहिरी खणल्या जात होत्या. गाईगुरं होती, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, छापखाना होता. मुली टाइप जुळवायला शिकल्या, कापड विणायला शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवण्याची सोय होती. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि ते आपल्याच छापखान्यात, आपल्याच मुलींच्या हातून छापलं जावं असा त्यांचा आग्रह होता. उद्याची चिंता सोडलेली बाई फळझाडं लावते, जी चार-पाच वर्षांनी फळ देणार. यात विसंगती मुळीच नाही. चिंता उद्यात जाऊन बसते आणि आजचे हात बांधून टाकते. उद्याचा घोर देवाच्या पायाशी ठेवला की आजचे हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांना झाड लावता येतं. केडगावातही कोठारं होती आणि त्यांत धान्य होतं. लूकच्या शेतकऱ्याच्या कोठारांत आणि या कोठारांत फरक दाराचा होता. इथलं दार बाहेरच्यासाठी उघडं होतं.

म्यूलर यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यांचं नाव प्रवचनांत फार सैलपणे घेतलं जातं. ब्रिस्टलच्या अनाथालयांत त्यांनी १०,००० हून अधिक मुलं सांभाळली आणि कुणाकडे थेट पैसे मागितले नाहीत, हे खरं. पण ते दर वर्षी छापील अहवाल काढत आणि त्यात जमाखर्च मांडत. देवावर भार टाकला म्हणून वही बंद केली, असं त्यांनी केलं नाही. ज्या मंडळीत हिशोब विचारणं हा अविश्वास समजला जातो, तिथे म्यूलरचं नाव घेऊ नये.

रमाबाईंच्या बाबतीत प्रार्थनेची सगळी उत्तरं मनासारखी आली का? आली नाहीत. आपल्यानंतर काम पाहील अशी ज्या मनोरमेवर त्यांची भिस्त होती, ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला. भाषांतराचं काम त्यांनी तडीला नेलं, पण छापून झालेलं पूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ मध्ये. एकुलती एक मुलगी गेल्यावर त्यांनी प्रुफं तपासणं सोडलं नाही. भरवसा म्हणतात तो हा. मागितलं आणि मिळालं अशा साक्षींच्या भाऊगर्दीत ही साक्ष ऐकू येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

भरवशाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवली आहे आणि मराठी ख्रिस्ती साहित्याचं ते फार मोठं देणं आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची पाच वर्षं दोघं वेगळी होती. मग त्या परत आल्या आणि १९०० साली आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी नवऱ्याचा भरवसा जवळून दाखवला आहे. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. दिसेल त्याला देऊन टाकत. घरात इतरांची मुलं आणून ठेवत. १९१७ मध्ये तर मिशनचा पगार सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. हे सगळं थोर आहे. पण संध्याकाळी डब्यात पीठ किती आहे, हे पाहणं कुणाच्या वाट्याला आलं? टिळकांनी चिंता देवावर टाकली, हे मान्य करताना तिच्यातला बराचसा भाग लक्ष्मीबाईंनी उचलला, हे विसरणं अन्यायाचं होईल. त्यांनी तो रडत, भांडत, हसत उचलला आणि पुढे त्या स्वतः कवितेला नि समाजकार्याला लागल्या, हे त्यांचं मोठेपण.

आजही कितीतरी ख्रिस्ती घरांत हेच होतं. नवरा उपवास-प्रार्थनेच्या सभांना जातो, त्याच्या चेहऱ्यावर शांती असते, आणि बायको दुकानदाराला तोंड देते. एकाचा भरवसा दुसऱ्याच्या झोपेतून वजा होत असेल, तर तो भरवसा तपासून घ्यायला हवा. कारण शिकवलेली प्रार्थना सगळ्यांच्या भाकरीची आहे आणि त्या सगळ्यांत घरातलं माणूस आधी येतं.

याहून गंभीर गोष्ट आजारपणाची. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा, असं सांगणारे लोक आहेत. आणि औषध चालू ठेवणाऱ्याच्या मनात विश्वास कमी पडल्याची बोच लावणारेही आहेत. मागांच्या शेडमध्ये कापसाची धूळ छातीत जाते, तिथे छातीचं दुखणं अंगावर काढून चालत नाही. क्षयाचं औषध मधेच सोडलं तर रोग उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. मग घरातल्या लहानांनाही धोका. चिंतेचंही तसंच आहे. छातीत धडधड, हातापायांना घाम, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कारण नसताना मरणाची भीती, हे सगळं पुष्कळदा उपचार लागणारं दुखणं असतं. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक चर्चच्या सूचना फलकावर लागला तर देवाचा कमीपणा होत नाही. परंपरेने लूकला वैद्य मानलं आहे, आणि कावळ्यांची ती गोष्ट त्याच्याच शुभवर्तमानात आहे.

मग प्रार्थनेने नेमकं काय होतं? एक गोष्ट दर बुधवारी मुंबईत माहीमला दिसते. सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ ला निरंतर साहाय्य मातेचा नोव्हेना, म्हणजे ठरावीक प्रार्थनांचा क्रम, सुरू झाला आणि तेव्हापासून बुधवारी तिथे माणसांची रीघ लागते. त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. बाहेर मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात: हात, पाय, तान्हं बाळ, कौलारू घर. ज्याला जी काळजी, त्याने ती वस्तू घ्यायची. भाड्याच्या खोलीतून निघायची मुदत संपत आलेली बाई ते पांढरं, हलकं, तळहातावर मावणारं घर दोन्ही हातांनी धरून रांगेत उभी राहते. काही प्रॉटेस्टंट मंडळींना हा प्रकार रुचत नाही, आणि मेणाच्या घराने खरं घर मिळतं असं कुणी मानत असेल तर त्यांची हरकत योग्यही आहे. पण त्या रांगेत एक फार मोलाची गोष्ट घडत असते. रात्रभर डोक्यात भणभणणारी, आकार नसलेली धास्ती एका ठरावीक मागणीत उतरते. मला घर हवं आहे. माझा पाय बरा व्हावा. आणि पुढे-मागे उभ्या असलेल्यांच्या हातात काय आहे तेही दिसतं. आपल्यापुढच्याच्या हातात बाळ, मागच्याच्या हातात पाय. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं अशीच आहेत. तक्रारीची, गाऱ्हाण्याची, नाव घेऊन सांगितलेल्या दुःखाची, आणि ती मंदिरात सगळ्यांनी मिळून म्हणायची.

सगळ्यांसमोर उघड सांगितलेल्या भीतीचं काय होतं, हे भिवंडीला धर्माच्या बाहेरही माहीत आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर भाजून निघालं होतं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीतले हिंदू-मुसलमान एकत्र बसू लागले, एकमेकांची गाऱ्हाणी ऐकू लागले, अफवा तिथल्या तिथे तपासू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या बैठका प्रार्थनासभा नव्हत्या. पण बंद दाराआड वाढणारी भीती चार जणांसमोर बोलली की तिचं माप कळतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

वसईच्या कॅथलिकांनी हेच कर्जाच्या बाबतीत केलं. भिवंडीहून दिवा-वसई मार्गाने गेलं तर खारबाव, कामणच्या पलीकडे तो मुलूख सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथला शेतकरी सावकाराच्या पाशात होता. घरोघर संध्याकाळी रोझरी होत होती, आणि त्या मागण्यांत कर्जाचं ओझंही असणारच. १९१८ साली चर्चच्याच आधाराने तिथे सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. देवाकडे मागितलेली भाकर इथे वाजवी व्याजाच्या कर्जाच्या रूपाने आली, शेजाऱ्यांच्याच ठेवींतून. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो एका हाताने ‘सुबोध बायबल’चं भाषांतर करत होते आणि दुसऱ्या हाताने हरित वसईसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी लढत होते. वाडीतली विहीर खारी झाल्यावर बाई जी चिंता करते, तिच्यासाठी नुसती मेणबत्ती लावून त्यांचं समाधान झालं नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही थोडे कमी आहेत. सात लाखांच्या भिवंडीत तर मोजकीच कुटुंबं. इतक्या लहान समाजाला एकमेकांची चिंता माहीत असणं सोपं असायला हवं. तरी रविवारच्या उपासनेत विनवण्या ऐकाव्यात तर त्या देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, अशा सर्वसाधारण असतात. कुणाच्या मुलाची फी राहिली आहे, कुणाचा माग तीन आठवडे बंद आहे, हे त्यांत येत नाही. लाज आड येते. आपल्याकडे मध्यमवर्गीय होऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत ही लाज फार खोल आहे, आणि पाळकांनी, धर्मगुरूंनी ती मोडायला मदत केली पाहिजे. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, याची हमी आधी द्यायला हवी. मग माणसं बोलतात.

भिवंडीत असं उघड बोलण्याची सर्वांत निकडीची जागा म्हणजे जुन्या इमारती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे ४० जण गेले. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, नोटिसा लागतात, आणि लोक तिथेच राहतात, कारण दुसरीकडे अनामत रक्कम भरायला पैसे नसतात. जून ते सप्टेंबर त्यांची झोप उडालेली असते आणि ती चिंता अगदी खरी असते. अशा घरातल्या कुणी रविवारी प्रार्थनेची विनंती केली, तर त्या विनंतीसाठी हात जोडल्यावर त्याच सभेत काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत: इमारतीची नोटीस कुणी वाचली आहे, पालिकेत चौकशीला कोण जाईल, अनामतीसाठी कुणाकडून किती जमेल, आणि पावसाचे चार महिने या कुटुंबाला कुणाच्या घरातली एक खोली देता येईल.